अवखळ पिल्लाचें शिक्षण

महाभारताच्या आदिपर्वांत मुख्य कथेला तोंड फुटण्यापूर्वींच एका कुत्र्याच्या पिल्लाला मार बसतो. जनमेजय राजा आपल्या भावांसह कुरुक्षेत्रीं दीर्घ सत्र करीत होता. तेथें एक पिल्लूं भटकत आलें आणि राजाच्या तिघां भावांनीं त्याला झोडपून काढलें. तें रडत आपल्या आईकडे, देवांची कुत्री जी सरमा तिच्याकडे, गेलें. आईनें प्रथम आपल्याच लेकराची उलटतपासणी घेतली. कांहीं तरी खोडी केल्यावांचून कोणी मारील कशाला, असा तिचा सवाल होता. पिल्लानें सांगितलें कीं, हविर्द्रव्य चाटणें दूरच राहिलें, त्याच्याकडे डोळा उचलून पाहिलेंहि नाहीं. तेव्हां सरमा यज्ञमंडपांत गेली आणि तिनें जाब विचारला. उत्तर कोणींच दिलें नाहीं. मग तिनें शाप दिला : निरपराध्याला मारलें आहे, म्हणून न दिसणारें भय तुमच्यावर येईल. जनमेजय या शापानें इतका अस्वस्थ झाला कीं, हस्तिनापुरास परतल्यावर त्याचें निवारण करील असा पुरोहित तो शोधूं लागला.

जळगांवच्या एकाद्या नव्या वसाहतींत किंवा धुळ्याच्या जुन्या गल्लींत ज्या घरीं नवें पिल्लूं येतें, तेथें हाच प्रसंग लहान प्रमाणावर पुन्हां घडतो. पिल्लूं दोन महिन्यांचें असतें. पहिले चार दिवस घरादाराला कौतुक. पुढच्या आठवड्यांत चपलेचा पट्टा तुटतो, आईच्या पदराला लोंबकळून तें घरभर घसरत जातें, धाकट्या मुलाच्या पोटरीवर दातांचे ओरखडे उठतात, आणि उंबऱ्यापुढच्या रांगोळीचें पाणी पाणी होतें. आजोबा वर्तमानपत्राची गुंडाळी करूं लागतात. शेजारचे अनुभवी गृहस्थ सल्ला देतात कीं, एकदां चांगलें बडवा, जन्मभर विसरणार नाहीं. विसरणार नाहीं हें खरें. परंतु तें नेमकें काय विसरणार नाहीं, याचा विचार गुंडाळी उगारणारानें केलेला नसतो.

खानदेशाला कुत्रें नवें नाहीं. धुळें जिल्ह्यांतील ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला कीं मेंढरें घेऊन चाऱ्यासाठीं बाहेर पडतात, तेव्हां वाड्याबरोबर कुत्रीं असतातच. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत आणि तापीकांठच्या मळ्यांतहि राखणीचें कुत्रें असतें. मेंढवाड्यावर जन्मलेलें पिल्लूं मेंढरांच्या वासांतच डोळे उघडतें. तें दिवसभर कळपामागें चालतें, मोठ्या कुत्र्यांकडून दटावलें जातें, आणि रात्रीं लांडग्या-बिबट्यांच्या चाहुलीला कान टवकारतें. त्याला कोणी अवखळ म्हणत नाहीं. अवखळपणा त्याच्याहि अंगांत असतोच, परंतु त्याच्या प्रत्येक उडीला तेथें कांहीं तरी काम सांपडतें.

शहरांतल्या घरीं जें पिल्लूं येतें त्याचे पूर्वजहि कामकरीच होते. अल्सेशियन म्हणून ओळखली जाणारी जात मूळची जर्मन धनगरांची. माक्स फॉन श्टेफानिट्झ नांवाच्या घोडदळांतील अधिकाऱ्यानें १८९९ सालीं तिच्यासाठीं संघ स्थापन केला, तेव्हां कळपाभोवतीं दिवसभर फेऱ्या घालणें हाच तिचा धंदा होता. लॅब्रडॉर हा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांचा वंशज. पुढें ब्रिटनमध्यें त्याला शिकारींत पडलेला पक्षी तोंडांत अलगद धरून आणण्यासाठीं वाढविण्यांत आलें. अलीकडे पोलिसांच्या आणि सैन्याच्या कामामुळें ज्याचें नांव घरोघर झालें आहे तो मॅलिन्वा बेल्जममधील मेकेलेन शहराच्या परिसरांतला गुराखी कुत्रा होय. आतां लॅब्रडॉरच्या पिल्लानें पायमोजा तोंडांत धरून घरभर मिरविला, तर तें आपल्या पणजोबाचेंच काम करीत असतें. अल्सेशियननें अंगणांत खेळणाऱ्या मुलांच्या टांचा धरल्या, तर त्याच्या लेखीं तो कळप असतो. याला दुष्टपणा म्हणावयाचें तर धरणाच्या पाण्याला वाहतें म्हणून दोष द्यावा लागेल.

असें पिल्लूं घेऊन त्याला जिन्याखालीं साखळीनें बांधून ठेवणें हा त्याच्यावर होणारा पहिला अन्याय आहे. कायद्यालाहि तो ठाऊक आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमांत क्रूरतेचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत नेहमीं साखळीनें बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला त्याच्या धन्यानें पुरेसा व्यायाम न देणें हा एक स्वतंत्र प्रकार आहे. २०१७ च्या श्वानपैदाशीच्या नियमांनीं आठ आठवड्यांच्या आंतलें पिल्लूं विकण्यास मनाई केली आहे, तीहि या शिक्षणाच्याच दृष्टीनें महत्त्वाची. आई आणि भावंडें यांच्यांत पिल्लूं जें पहिलें शहाणपण शिकतें, तें म्हणजे दांत किती जोरानें लावावा हें होय. जोरानें चावलें कीं भावंड किंचाळतें आणि खेळ थांबतो. पांच आठवड्यांचें पिल्लूं उचलून आणणारा मनुष्य हा धडा अर्ध्यावर तोडतो आणि मग दांतांबद्दल तक्रार करतो.

पळवून पळवून दमविलें म्हणजे पिल्लूं शहाणें होईल, ही समजूत फार पसरलेली आहे. सकाळीं रस्त्यानें कुत्र्याची साखळी दुचाकीला बांधून त्याला धांवविणारे उत्साही लोक दृष्टीस पडतात. मोठ्या जातींच्या पिल्लांचीं हाडें व सांधे वर्ष-दीड वर्ष पक्के होत नाहींत; डांबरी रस्त्यावरच्या अशा सक्तीच्या दौडीनें त्यांना इजा होते. शिवाय रोज पळविलेलें पिल्लूं दमत नाहीं, तें पळण्यांत तरबेज होतें. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसांतून १८ ते २० तास झोंप लागते, ही गोष्ट कित्येकांच्या गांवींहि नसते. संध्याकाळीं सात-आठच्या सुमारास जें पिल्लूं डोळे फिरवून घरभर गोल गोल धांवतें आणि दिसेल त्याला चावतें, तें बहुधा उर्जेनें नव्हे तर झोंप न मिळाल्यानें चिडलेलें असतें. पाळण्यांतल्या मुलाच्या किरकिरीला ओळखणारी आई पिल्लाच्या किरकिरीला मात्र मस्ती समजते, ही मौज आहे. अशा वेळीं त्याला शांत कोपऱ्यांत, अंधुक उजेडांत, चावायला कांहीं तरी देऊन ठेवावें. दहा मिनिटांत तें झोंपतें.

खानदेशांत तर उन्हाचा विचार आधीं केला पाहिजे. मे महिन्यांत जळगांव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. धापा टाकूनच त्याला शरीर थंड ठेवावें लागतें. म्हणून उन्हाळ्यांत फिरणें सूर्य वर येण्यापूर्वीं उरकावें, आणि संध्याकाळींहि रस्त्यावर तळहाताची पालथी बाजू पांच-सात सेकंद टेकवून पाहावी. जेथें हात टेकवत नाहीं, तेथें पिल्लाचा पाय टेकूं देऊं नये. जाड केसांची हिमप्रदेशांतली कुत्रीं हौसेनें आणून त्यांना या उन्हांत ठेवणाराबद्दल काय बोलावें ?

मग भर दुपारीं, दारें लावून घेतलेल्या घरांत, या जिवाच्या शक्तीला वाट कशी द्यावी ? येथें नाक उपयोगीं पडतें. जेवणाचा वाडगा समोर ठेवण्याऐवजीं त्यांतला मूठभर भाग जुन्या सतरंजीच्या घड्यांत, रिकाम्या खोक्यांत, दाराआड असा लपवावा आणि पिल्लाला हुडकूं द्यावा. पहिल्या दिवशीं डोळ्यांदेखत लपवावा, चौथ्या दिवशीं त्याच्या अपरोक्ष. पंधरा मिनिटें वास घेत हुडकलेलें पिल्लूं तासभर फिरविलेल्या पिल्लाइतकेंच निवांत पडून राहतें, असा जाणत्यांचा अनुभव आहे. पोलिसांच्या श्वानपथकांतल्या वास हुडकणाऱ्या कुत्र्यांचें शिक्षणहि मुळांत असाच खेळ असतो. दारूगोळ्याशीं त्या कुत्र्याला कांहीं कर्तव्य नसतें. तो विशिष्ट वास सांपडला कीं आवडता चेंडू मिळतो, एवढेंच त्याला ठाऊक असतें. ज्या कामावर माणसांचे प्राण अवलंबून, तें काम चेंडूच्या मोबदल्यांत होतें. चपला न कुरतडण्याचें काम मात्र काठीवांचून होणार नाहीं, असें घरोघर मानलें जातें.

पिल्लूं शिकतें कसें, याचा शास्त्रीय शोध सव्वाशे वर्षांपूर्वीं सुरू झाला. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८९८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेल्या मांजरांना पेटींत कोंडून बाहेर खाद्य ठेविलें होतें. मांजर ओरबाडतां ओरबाडतां चुकून खिटीवर पाय देई आणि दार उघडे. पुनःपुन्हां कोंडल्यावर निरर्थक धडपड हळूहळू कमी होत गेली आणि खिटीवरचा पाय लवकर पडूं लागला. ज्या कृतीमागून सुख येतें ती कृति पक्की होते, हा त्याचा निष्कर्ष. रशियांत पावलॉव्ह हा कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत होता. त्याच कामाबद्दल त्याला १९०४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. अन्नापूर्वीं नेहमीं ऐकूं येणाऱ्या नुसत्या आवाजानेंहि कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें, हें त्यानें दाखविलें. या दोन शोधांची सांगड बी. एफ्. स्किनर यानें घातली. १९५१ सालीं त्यानें सामान्य वाचकांसाठीं प्राण्यांना कसें शिकवावें यावर एक लेख लिहिला. त्यांत दाबलें कीं टक् असें वाजणारें लहान मुलांचें खेळणें वापरण्याची युक्ति होती. खाऊ पोंचायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यांत पिल्लूं चार गोष्टी करून मोकळें होतें; टक् आवाज मात्र नेमक्या क्षणीं सांगतो कीं, हें, हें बरोबर केलेंस.

खेळणें नसलें तर एक ठरलेला शब्द पुरे. "हां" हा चांगला. तो आंखूड आहे, आणि रागावून म्हणणें जरा कठीणच आहे. पिल्लाचें बूड जमिनीला टेकलें त्याच क्षणीं "हां", आणि लगेच खाऊचा कण. पहिले तीन-चार दिवस आज्ञा देऊंच नये. नुसतें बसणें दिसलें कीं मोबदला द्यावा. पिल्लूं येऊन आपण होऊन समोर बसूं लागलें, म्हणजे त्या कृतीला नांव द्यावें. आधीं शब्द, मग दाबून बसविणें, ही नेहमींची रीत उलटी आहे. त्यांत पिल्लूं शब्द ऐकत नाहीं, कमरेवरचा हात टाळावयास शिकतें. नांव कोणतें द्यावें हाहि विचार करण्यासारखा प्रश्न आहे. आजी अहिराणींत सांगते, आई मराठींत, शाळकरी मुलगा इंग्रजींत. पिल्लूं तिघांच्या तोंडाकडे पाहात राहातें आणि हट्टी ठरतें. त्यांतहि "बस" हा शब्द मराठी घरांत दिवसभर चालूंच असतो : वाढणाराला पुरे म्हणून बस, पाहुण्याला बस, चोपड्याला जाणारी बस. घरानें मिळून एक शब्द ठरवावा आणि कपाटाच्या दारावर लिहून ठेवावा.

खाऊचा कण शेंगदाण्याएवढा असला तरी चालतो, पण तो पिल्लाच्या आवडीचा पाहिजे. उकडलेल्या अंड्याचा किंवा बिनमसाल्याच्या कोंबडीचा तुकडा उत्तम. जळगांवच्या माणसाला केळें महाग नाहीं, त्याचे लहान काप कधींमधीं चालतात. द्राक्षें, बेदाणे, चॉकलेट, कांदा हे पदार्थ मात्र कुत्र्याला विषासमान आहेत. दिवसाकाठीं असें जें पोटांत जाईल तें जेवणांतून वजा करावें. यावर आक्षेप घेतला जातो कीं, ही तर लाच झाली. खिशांत खाऊ नसेल त्या दिवशीं कुत्रें ऐकणार नाहीं. खाऊ आधीं दाखवून काम करून घेतलें तर ती लाच, आणि तसें करणाराला हा अनुभव येतोच. काम झाल्यावर जें मिळतें तें वेतन. धडा पक्का झाल्यावर वेतन कधीं दुसऱ्या वेळीं, कधीं पांचव्या वेळीं द्यावें; केव्हां मिळेल याचा नेम नसला कीं पिल्लूं अधिकच मन लावतें. पुढें वेतनाचा प्रकारहि बदलतो. दार उघडणें, चेंडू फेंकणें, झाडाचा बुंधा हुंगूं देणें, ही सारी त्याची कमाईच आहे. साखळी ताणली तर मनुष्य थांबतो, सैल सोडली तर चालतो, एवढा एक नियम मेहरूण तलावाच्या कांठीं पंधरा दिवस नेटानें पाळला तर ओढणारें पिल्लूं शेजारून चालूं लागतें. पंधरा दिवसांत दोनदां घाईमुळें नियम मोडला, तर महिना लागतो.

चावण्याचा उपाय भावंडांनींच शिकवून ठेविला आहे. दांत कातडीला लागला कीं खेळ थांबावा. हात झटकूं नये, ओरडूं नये. झटकलेला हात पिल्लाला पळणाऱ्या सशासारखा वाटतो. मुकाट्यानें उठून अर्धें मिनिट पाठ फिरवावी आणि परत येतांना दोराची गांठ मारलेलें जुनें फडकें पुढें करावें. फडकें चावलें तर खेळ चालूं. अंगावर उड्या मारणाऱ्या पिल्लाचेंहि तसेंच : चारी पाय जमिनीवर असतांनाच त्याच्याकडे पाहावें. येथें अडचण पिल्लाची नसून पाहुण्यांची असते. घरच्यांनीं आठ दिवस राखलेला नियम एक प्रेमळ मामा येऊन एका मिठींत मोडतो.

घरांत घाण करणें हा मात्र शिक्षणाचा नव्हे, वेळापत्रकाचा प्रश्न आहे. झोंपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर ताबडतोब बाहेर न्यावें, जागेवरच शाबासकी द्यावी. ओल्या जागीं नाक घासल्यानें पिल्लूं एवढेंच शिकतें कीं माणसांदेखत हें करणें धोक्याचें. मग तें पलंगाखालीं जाऊन करतें.

हांकेला येणें याइतका मोलाचा धडा दुसरा नाहीं. महामार्गालगतच्या वस्तींत त्यावर पिल्लाचा जीवच अवलंबून असतो. नांव घेऊन बोलावलें आणि आल्यावर न्हाणीघरांत नेलें, औषध पाजलें, किंवा उशीर झाला म्हणून फटका दिला, तर तें नांव त्या क्षणापासून बाटलें. फटका उशिरा येण्याबद्दल असतो, पण पिल्लाच्या हिशेबीं तो येण्याबद्दलच असतो. म्हणून बोलावल्यावर आलेल्या पिल्लाला, मग तें कितीहि वेळानें आलेलें असो, घरांतला सर्वांत चांगला घांस मिळावा. आणि न्हाऊं घालावयाचें तर न बोलावतां जाऊन उचलून आणावें.

या सर्वाला एक मुदत आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन संशोधकांनीं अमेरिकेंतील बार हार्बर येथें कित्येक वर्षें पिल्लें वाढवून जें पाहिलें, तें १९६५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचें मन जगाला आपलें म्हणण्यास उघडें असतें. त्या अवधींत जें दिसलें नाहीं, त्याची पुढें भीति वाटूं लागते. नेमका हाच काळ लशींचा. पार्व्हो आणि डिस्टेंपर यांच्या लशी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुमारें सोळाव्या आठवड्यापर्यंत ठराविक अंतरानें टोंचाव्या लागतात, आणि रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यांत. तोंपर्यंत बाहेर काढूं नका, असा सल्ला मिळतो. तो पाळला तर रोग टळतो आणि भित्रें कुत्रें तयार होतें. यावर तोडगा सोपा आहे. पिल्लूं कडेवर घेऊन जग दाखवावें. जळगांव स्टेशनाबाहेरची गर्दी, कापसाच्या गाड्या, पोळ्याचे सजविलेले बैल, गणपतीचे ढोल दुरून, पगडीवाला, छत्रीवाला, काठी टेकीत चालणारा म्हातारा, हें सर्व कडेवरून दिसावें आणि प्रत्येक दर्शनाबरोबर एक कण तोंडांत पडावा. भटक्या कुत्र्यांनीं घाण केलेल्या जमिनीवर मात्र लशी पुऱ्या होईपर्यंत पाय टेकूं देऊं नये. पशुवैद्याच्या टेबलावर एकदां सुई न टोंचतां नुसताच खाऊ खायला नेऊन आणलें, तर पुढच्या दहा वर्षांची ओढाताण वांचते.

आतां काठीकडे वळावें. मारल्यानें कांहींच होत नाहीं, असें म्हणणें खोटें ठरेल. मारल्यानें पिल्लूं त्या क्षणीं थांबतें. आणि म्हणूनच मारण्याची संवय लागते. थॉर्नडाइकच्या मांजराला खिटी दाबल्यावर जसें दार उघडलेलें मिळालें, तशी मारणाराला शांतता मिळते, आणि त्याचीच कृति पक्की होत जाते. शिक्षण होतें तें माणसाचें. उद्यां तीच चूक पुन्हां होते, हात थोडा अधिक जोरानें पडतो. २०२० सालीं पोर्तुगालमधील संशोधकांनीं ९२ पाळीव कुत्र्यांची तुलना प्रसिद्ध केली. जेथें हिसके, आरडाओरड, विजेचे पट्टे यांनीं शिकविलें जात होतें, तेथील कुत्र्यांच्या लाळेंत धड्यानंतर ताणाचें द्रव्य अधिक सांपडलें. आणि खाऊ असेल कीं नसेल अशी शंका येईल तेथें ठेवलेल्या वाडग्याकडे तीं कुत्रीं अधिक रेंगाळत गेलीं, जणू चांगल्याची आशाच त्यांनीं सोडली होती.

मालक कोण हें कुत्र्याला दाखवून दिलें पाहिजे, असें सांगणाऱ्यांचा आधार बहुधा लांडगा असतो. रुडॉल्फ शेंकेल यानें १९४७ मध्यें बाझलच्या प्राणिसंग्रहालयांत कोंडलेल्या लांडग्यांचें जें वर्णन केलें, त्यांत वर्चस्वासाठीं भांडणें दिसलीं. डेव्हिड मेक यानें १९७० च्या आपल्या पुस्तकांत तो विचार पुढें नेला, आणि पुढें रानांतले लांडगे वर्षानुवर्षें पाहिल्यावर १९९९ सालीं स्वतःच तो सोडून दिला. रानांतली टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांचीं लेंकरें. तेथें वर्चस्वाची कुस्ती नसते, संसार असतो. इतक्या सरळपणें आपली चूक मान्य करणारे संशोधक थोडे. परंतु मूळ चूक अद्याप साखळी हिसकावीत रस्त्यानें फिरते आहे.

खरा धोका याच्याहि पलीकडचा आहे. कुत्रें चावण्यापूर्वीं बहुधा बोलतें. तें मान फिरवितें, ओठ चाटतें, अंग ताठ करतें, आणि शेवटीं गुरगुरतें. गुरगुर ही उर्मट भाषा नव्हे. दूर राहा, मला चावावयाचें नाहीं, अशी ती विनवणी आहे. जेवतांना गुरगुरलेल्या पिल्लाला मार बसला, तर त्याची भीति जात नाहीं, उलट वाढते. जाते ती गुरगुर. पुढें तेंच कुत्रें मोठें होतें. सहा वर्षांचें पोर वाडग्याजवळ जातें, आणि कुत्रें कांहीं न बोलतां चावतें. सगळे म्हणतात, कांहीं एक सूचना न देतां चावलें. सूचना देण्याची शिक्षा त्याला कधींच मिळालेली असते. सरमेच्या शापांतील न दिसणारें भय याहून वेगळें काय असावें ? गुरगुरणाऱ्या पिल्लाजवळून हात मागें घ्यावा, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज त्याच्या वाडग्याजवळून जातांना त्यांत एक चांगला तुकडा टाकीत जावा. येणारा हात कांहीं काढून घेत नाहीं, भर घालतो, हें त्याला महिन्याभरांत उमगतें. पोरांना मात्र या प्रयोगापासून दूर ठेवावें. चावा झालाच, तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. हळद-तेल लावीत बसूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें रेबीजनें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें मरतात आणि त्यांतील बहुतेकांना तो कुत्र्याकडूनच होतो. लक्षणें दिसूं लागल्यावर या रोगाला उपाय नाहीं.

सहाव्या-सातव्या महिन्यांत शिकलेलें सारें विसरल्यासारखें पिल्लूं वागूं लागतें. ही त्याची तारुण्याची चाहूल. कालपर्यंत हांकेसरशी येणारें आज ऐकून न ऐकल्यासारखें करतें. कित्येक कुत्रीं याच वयांत घराबाहेर जातात : कोणी मळ्यावर सोडून येतो, कोणी पांझरेच्या पुलापलीकडे. विनाकारण प्राणी टाकून देणें हाहि त्याच ११ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. पण साक्षीला असतें फक्त तें कुत्रें. या दिवसांत नवें कांहीं शिकवूं नये. दोरी लांब ठेवावी, धडे सोपे करावे, वेतन वाढवावें, आणि थांबावें. दीड-दोन वर्षांच्या सुमारास वादळ ओसरतें.

लहानपणापासून पक्का करण्यासारखा आणखी एक धडा गोणपाटाचा. जुनें गोणपाट घडी करून खोलीच्या कडेला टाकावें. पिल्लाचा एक पाय त्यावर पडला कीं "हां" आणि कण. मग चारी पायांना, मग आडवें पडल्याला, मग दहा सेकंद पडून राहिल्याला. पुढें कोणी दार वाजविलें असतां, पुढें ताटें मांडलीं असतां. घाईनें एक पायरी गाळली तर दोन पायऱ्या मागें यावें लागतें. हिंवाळ्यांत भरताचा मोसम आला, अंगणांत कपाशीच्या सुक्या काड्यांवर वांगीं भाजूं लागलीं, पाहुणे जमले, मिरच्या-लसणाचा वास सुटला, तरी असें शिकलेलें कुत्रें आपल्या गोणपाटावर हनुवटी टेकून पाहात राहातें. मधून मधून उठून कोणी तरी त्याच्या पायांशीं उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवावा. भरताचा घांस मात्र देऊं नये. त्यांत कांद्याची पात असते, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तांतल्या तांबड्या पेशी फोडतो.